बारा, सोळा की चोवीस? आधी कॅलेंडर उघडा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी गेल्या ऑगस्टपासून ओहायोत शिकतोय. त्याआधी अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना पाहिला नव्हता, आता शनिवार सुटत नाही. पण कॉलेज फुटबॉलच्या प्लेऑफचा, म्हणजे राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीचा, घोळ डोक्यात शिरत नाही. चाराचे बारा संघ झाले, आता सोळा किंवा चोवीस करा म्हणतात. वाढवावेत का? आणि सरळ गुणतक्ता लावून वरचे संघ का घेत नाहीत? डिसेंबरात सामना आमच्या गावात आला तर थंडीत जाण्यासारखा असतो का?"

मी मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठाच्या क्रीडा विभागात एकोणीस वर्षं काढली. काम दोन प्रकारचं: पुढच्या मोसमांचं वेळापत्रक बसवायचं आणि सामन्याच्या दिवशी स्टेडियम चालतं ठेवायचं. त्यामुळे माझं मत टीव्हीवरच्या पंडितांसारखं नसणार. गोठलेल्या नळाच्या तक्रारी ज्याच्या फोनवर येत, त्या माणसाचं ते मत आहे, असं समजून वाचा.

माझं उत्तर आधीच सांगतो. सोळा करायला हरकत नाही, पण त्यासाठी कॉन्फरन्सच्या, म्हणजे विद्यापीठांच्या गटांच्या, अंतिम सामन्यांचा शनिवार रद्द करावा आणि बाद फेरी एक आठवडा अलीकडे आणावी. एवढं करायची तयारी नसेल तर बाराच बरे. चोवीस आजच्या कॅलेंडरमध्ये बसत नाहीत.

गुणतक्त्याचं आधी बघू, कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे. आयपीएलमध्ये दहा संघ, प्रत्येकाचे चौदा सामने, आणि प्रत्येक जण प्रत्येकाशी निदान एकदा खेळतो. तिथे तक्ता न्याय करू शकतो. इथे वरच्या श्रेणीत २०२५ मध्ये १३६ संघ होते आणि प्रत्येकाचे साखळी सामने फक्त बारा. म्हणजे कुठल्याही संघाची सव्वाशेच्या आसपास संघांशी गाठच पडत नाही. एकाचे दहा विजय दमदार संघांविरुद्ध, दुसऱ्याचे अकरा लिंबूटिंबूंविरुद्ध. मोठा कोण, हे कुठल्याच बेरजेतून निघत नाही. म्हणून तेरा जणांची निवड समिती डॅलसजवळच्या ग्रेपवाइन गावातल्या एका हॉटेलात बसते, नोव्हेंबरपासून दर मंगळवारी क्रमवारी जाहीर करते, आणि डिसेंबरातल्या पहिल्या किंवा दुसऱ्या रविवारी अंतिम यादी वाचून दाखवते. त्या रविवारी निम्मा देश समितीला शिव्या घालतो.

यावर उपाय म्हणून पद्धत अधूनमधून बदलत आलीय. १९३६ पासून पत्रकारांची क्रमवारी होती आणि तिच्यात जो पहिला, तो राष्ट्रीय विजेता. १९९७ मध्ये पत्रकारांनी मिशिगनला पहिलं ठरवलं आणि प्रशिक्षकांच्या क्रमवारीने नेब्रास्काला. दोघांच्याही कपाटात तो करंडक आहे. १९९८ मध्ये बीसीएस आली, मतं आणि संगणकाची गणितं एकत्र करून दोन संघ निवडायची. २००४ मध्ये ऑबर्न एकही सामना न हरता बाहेर राहिलं. २०११ चा मोसम संपताना एलएसयू आणि अलाबामा या एकाच कॉन्फरन्सच्या, एकदा आपसात खेळून झालेल्या संघांनाच पुन्हा अंतिम सामन्यात उतरवलं, आणि बाकीच्यांचा संयम संपला. २०१४ च्या मोसमापासून चार संघांचा प्लेऑफ सुरू झाला.

चारचा इतिहास दहा वर्षांचा आणि बाहेर राहिलेल्यांचाच. पहिल्याच वर्षी टीसीयूने शेवटचा सामना ५५-३ असा जिंकला आणि तरीही ते तिसऱ्यावरून थेट सहाव्यावर घसरले. २०१७ मध्ये सेंट्रल फ्लोरिडा अपराजित राहूनही बाहेर. त्यांनी नंतर ऑबर्नला हरवून स्वतःच स्वतःला राष्ट्रीय विजेते जाहीर केलं. पण कडेलोट झाला २०२३ मध्ये. फ्लोरिडा स्टेट १३-०, एसीसी या मोठ्या कॉन्फरन्सचा विजेता. त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू, जॉर्डन ट्रॅव्हिस जखमी झाला होता, एवढ्या कारणाने समितीने त्यांना पाचवं ठेवलं आणि एक सामना हरलेल्या अलाबामाला चौथं घेतलं. सामने जिंकून भागत नाही, समितीला तुम्ही आवडायलाही हवं, हे त्या दिवशी उघड झालं.

पण बारा संघांचा निर्णय त्या घटनेमुळे झाला नाही, हे लक्षात घ्या. तो आराखडा जून २०२१ मध्येच पुढे आला होता. बिग टेन, एसीसी आणि पॅक-१२ या तीन कॉन्फरन्सनी तो २०२२ च्या सुरुवातीला अडवला, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये विद्यापीठांच्या अध्यक्षांनी तो मंजूर केला. मूळ योजनेत सहा कॉन्फरन्स विजेत्यांना थेट प्रवेश होता. मग पॅक-१२ मोडकळीस आली: यूएससी, यूसीएलए, ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये, अ‍ॅरिझोनाचे दोन्ही संघ, युटा आणि कोलोरॅडो बिग ट्वेल्व्हमध्ये, स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया एसीसीमध्ये. कॅलिफोर्नियाचं विद्यापीठ 'अटलांटिक कोस्ट'मध्ये खेळतं, हा विनोद मी केलेला नाही. मग सहाचे पाच झाले, आणि उरलेल्या सात जागा समितीच्या हातात.

पाच विजेते म्हटलं की मला पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीतले मानाचे पाच आठवतात. आधी ते जाणार, बाकीच्यांनी रांगेत थांबायचं. फरक एवढाच की मिरवणुकीत पाचांची नावं शतकभर ठरलेली आहेत आणि इथे दरवर्षी नव्याने कमवायची.

आता दोन वर्षांचा अनुभव हातात आहे, तर अंदाजांपेक्षा त्याच्याकडे बघू.

२०२४ मध्ये वरच्या चार कॉन्फरन्स विजेत्यांना पहिल्या फेरीतून सूट होती: ओरेगन, जॉर्जिया, बॉयसी स्टेट, अ‍ॅरिझोना स्टेट. चौघंही आपला पहिलाच सामना हरले. विजेते ठरले आठवं मानांकन मिळालेलं ओहायो स्टेट, जे ३० नोव्हेंबरला आपल्याच मैदानावर मिशिगनकडून १३-१० असं हरलं होतं. त्या संध्याकाळी त्यांच्या गावात, कोलंबसमध्ये, प्रशिक्षकाला हाकला म्हणणारे लोक मी ऐकले. एक्कावन्न दिवसांनी तोच प्रशिक्षक अटलांटात करंडक उचलत होता. चार संघांच्या दहा वर्षांत दोन सामने हरलेला एकही संघ निवडला गेला नव्हता, तेव्हा जुन्या पद्धतीत त्यांचा मोसम त्या शनिवारीच संपला असता.

२०२५ मध्ये सूट द्यायची पद्धत बदलली आणि समितीच्या क्रमवारीतले पहिले चार सरळ घेतले: इंडियाना, ओहायो स्टेट, जॉर्जिया, टेक्सस टेक. पुन्हा तिघं हरले, आणि एकटं इंडियाना जिंकलं. दोन वर्षांत सूट मिळालेल्या आठ संघांपैकी सात घरी गेले. सूट हे बक्षीस म्हणून दिलेलं असतं. पण डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी शेवटचा सामना आणि पुढचा थेट वर्षअखेरीला, असे साडेतीन आठवडे बसलेला संघ मैदानावर जड होतो. समोरचा दहा-बारा दिवसांपूर्वीच एक मोठा सामना जिंकून आलेला असतो. आमचे प्रशिक्षक सरावसत्रात हेच म्हणायचे: अंगातली ऊब गेली की ती भाषणाने परत येत नाही. आठ सामन्यांवरून नियम बनत नाही, कबूल. पण वेळापत्रक बसवणाऱ्या माणसाला त्यातून एक गोष्ट दिसते. सोळा संघ केले तर ही सूटच नाहीशी होते, कारण आठ सामन्यांची सरळ पहिली फेरी लागते. सोळाचा माझ्या लेखी सर्वांत मोठा फायदा हा.

इंडियानाबद्दल थोडं बोललंच पाहिजे. शंभर वर्षं हरण्यासाठीच ओळखला जाणारा संघ. २०२३ मध्ये तीन जिंकले, नऊ हरले. मग जेम्स मॅडिसन या छोट्या विद्यापीठातून कर्ट सिग्नेटी हे प्रशिक्षक आले. २०२४ मध्ये दहाव्या मानांकनाने प्लेऑफ गाठला, पहिल्या फेरीत हरले. २०२५ मध्ये सोळापैकी सोळा जिंकून, मायामीला मायामीच्याच स्टेडियममध्ये २७-२१ हरवून राष्ट्रीय विजेते. आणि त्याच वर्षी सिग्नेटींचा जुना संघ जेम्स मॅडिसनही बारामध्ये होता. चार संघांच्या काळात २०२४ चं इंडियाना प्लेऑफच्या जवळपासही फिरकलं नसतं, आणि त्या पहिल्या वर्षाशिवाय चांगले खेळाडू तिकडे वळले असते का, मला शंका आहे. दार किती रुंद करायचं या वादात ही बाजू माझ्या मते सर्वांत वजनदार आहे.

उलट बाजूने नेहमीचा आक्षेप येतो तो एकतर्फी सामन्यांचा. ट्युलेन ४१-१० हरलं, जेम्स मॅडिसन ५१-३४. छोट्यांना कशाला घेता? पण एकतर्फी सामने चार संघांच्या काळातही होते. अलाबामा ३८-० मिशिगन स्टेट, क्लेमसन ३१-० ओहायो स्टेट, एलएसयू ६३-२८ ओक्लाहोमा: हे सगळे उपांत्य सामने आहेत. २०२२ च्या मोसमाचा अंतिम सामना जॉर्जियाने टीसीयूविरुद्ध ६५-७ जिंकला. तेव्हा मोठ्या घरचे संघही मोठ्या फरकाने हरतात, फक्त त्यांना कोणी विचारत नाही की आलात कशाला.

आता भांडण कुठे अडलंय ते सांगतो. एक लढाई पैशाची आहे आणि दुसरी तारखांची. लोक पहिल्याबद्दलच बोलतात.

पैशाचं मूळ १९८४ च्या एका निकालात आहे. ओक्लाहोमा आणि जॉर्जियाच्या विद्यापीठांनी एनसीएए या कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेवर दावा लावला होता. सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की सामन्यांच्या टीव्ही हक्कांवर एनसीएएची मक्तेदारी बेकायदा आहे. तेव्हापासून हक्क कॉन्फरन्सच्या खिशात गेले. बास्केटबॉलची मार्चमधली स्पर्धा एनसीएए भरवते, म्हणून तिथे एक मालक आहे. वरच्या श्रेणीच्या फुटबॉलच्या प्लेऑफचे मालक दहा कॉन्फरन्स आणि फुटबॉलमध्ये कुठल्याच कॉन्फरन्समध्ये नसलेलं नोटर डेम विद्यापीठ. दहा भावांची एकत्र शेती असली की बांधावरून काय होतं, हे आपल्याकडे कोणाला शिकवायला नको. त्यातले दोन भाऊ, बिग टेन आणि एसईसी, फारच मोठे झालेत. २०२६ पासूनच्या सहा वर्षांच्या करारात ईएसपीएन ही क्रीडावाहिनी दरवर्षी सुमारे १३० कोटी डॉलर देणार आहे. त्यातला साधारण २९-२९ टक्के वाटा या दोघांचा, एसीसीला सतराच्या आसपास, बिग ट्वेल्व्हला पंधराच्या आसपास, आणि पुढे पद्धत कशी असावी याचा शेवटचा शब्दही या दोघांचाच.

गंमत अशी की या दोघांचंच पटत नाही. बिग टेनने मांडलेली एक योजना सोळा संघांची होती: आमचे चार, एसईसीचे चार, बिग ट्वेल्व्ह आणि एसीसीचे दोन-दोन, छोट्यांचा एक, आणि तीन खुले. म्हणजे मोसम सुरू होण्याआधीच आठ खुर्च्यांवर रुमाल. एसईसी आधी त्याकडे झुकली, मग त्यांच्या प्रशिक्षकांना पाच विजेते आणि अकरा खुले हा पर्याय आवडला, कारण खुल्या जागांत आपले चारापेक्षा जास्तच येतील असा त्यांचा हिशेब. मग बिग टेनने चोवीस आणि त्याहून मोठ्या संख्या हवेत सोडल्या. जानेवारी २०२६ ची मुदत एकमत न होता उलटली आणि २०२६ चा मोसमही बारावरच राहिला. शिवाय २०२६ पासून चारही मोठ्या कॉन्फरन्सच्या विजेत्यांना जागा पक्की, आणि नोटर डेम पहिल्या बारात आलं तर त्यांनाही.

या पक्क्या जागेचा अर्थ एका उदाहरणाने कळेल. २०२५ मध्ये एसीसीचा विजेता ठरला ड्यूक, सात विजय आणि पाच पराभव घेऊन त्या अंतिम सामन्यात उतरलेला संघ. तेव्हाचा नियम "क्रमवारीतले सर्वांत वरचे पाच विजेते" असा होता, म्हणून ड्यूक गळलं आणि ट्युलेनबरोबर जेम्स मॅडिसन आत आलं. २०२६ चा नियम तेव्हा असता तर पाच सामने हरलेलं ड्यूक आत आणि एकच हरलेलं जेम्स मॅडिसन बाहेर. कोटा नावावर दिला की असं होतं. मी म्हणून पाच अधिक अकराच्या बाजूने आहे, आणि ते पाचही क्रमवारीतून यावेत, नावावरून नव्हे.

बिग टेनच्या कोट्यामागे मात्र एक खरं दुखणं आहे, ते नाकारू नये. समिती पराभव मोजते, कोणाकडून झाला ते नंतर बघते. २०२५ मध्ये टेक्ससने पहिल्याच शनिवारी कोलंबसला येऊन ओहायो स्टेटशी सामना खेळला आणि १४-७ हरले. शेवटी ९-३ वर संपले आणि बाहेर राहिले. त्या जागी एखादा दुबळा पाहुणा बोलावला असता तर १०-२ झाले असते आणि बहुधा आत गेले असते. मी हे करार लिहिलेत. मोठ्या संघांशी सामने आठ-आठ, दहा-दहा वर्षं आधी ठरतात आणि मोडायचे तर दंड भरावा लागतो. आता खेळाडूंनाच उत्पन्नातला वाटा द्यावा लागतो, २०२५-२६ साठी विद्यापीठामागे सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत, त्यामुळे प्लेऑफची जागा म्हणजे थेट पगाराचा प्रश्न. अशा वेळी क्रीडा संचालक दंड भरून अवघड सामना मोडतो, आणि त्याला मी दोष देत नाही. यूएससी आणि नोटर डेम १९२६ पासून खेळत आलेत. ती मालिकाही थांबली. जागा बारावरून सोळा झाल्या की एक जादा पराभव परवडू लागतो, आणि अवघड सामने टिकायला थोडी मदत होते. थोडीच. पण होते.

आता तारखा. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण इथे माझी एकोणीस वर्षं गेली.

गणित साधं: जितके संघ, त्याहून एक सामना कमी. चार संघ, तीन सामने. बारा संघ, अकरा. सोळा संघ, पंधरा. चोवीस संघ, तेवीस. टीव्हीला तेवीस सामने विकता येतात, म्हणून चोवीसची भूक. पण ते खेळवायचे कधी? २०२५ चं कॅलेंडर घ्या. २९ नोव्हेंबरला थँक्सगिव्हिंगच्या शनिवारी परंपरागत लढती. ६ डिसेंबरला कॉन्फरन्सचे अंतिम सामने. ७ तारखेला निवड. १३ ला आर्मी विरुद्ध नेव्ही, हा सैनिकी अकादम्यांचा दरवर्षीचा सामना. १९-२० ला पहिली फेरी. नववर्षाच्या आसपास उपउपांत्य, ८-९ जानेवारीला उपांत्य, १९ जानेवारीला अंतिम. म्हणजे डिसेंबरच्या मध्यात प्लेऑफच्या संघांना जवळजवळ दोन आठवडे काहीच नाही आणि अंतिम सामना पुढचं सत्र सुरू झाल्यावर. या काळात खेळाडूंना दुसऱ्या विद्यापीठात जाण्याची खिडकीही उघडते, २ ते १६ जानेवारी, प्लेऑफ चालू असतानाच. ओल मिसचे प्रशिक्षक लेन किफिन तर प्लेऑफला तीन आठवडे असताना एलएसयूला निघून गेले आणि संघ दुसऱ्याच्या हाताखाली उपांत्य फेरीपर्यंत पोचला. लग्न लागायच्या आदल्या दिवशी नवरदेवाचा मामा वधूपक्षात जाऊन बसावा, तसं.

पहिली फेरी २० डिसेंबरला पडते, तिथेही एक खोच आहे. १९६१ च्या एका कायद्यामुळे सप्टेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारपासून डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारपर्यंत व्यावसायिक एनएफएलने कॉलेजचा शनिवार मोकळा सोडायचा असतो. तिसऱ्या शनिवारी ही भिंत पडते. २०२४ मध्ये प्लेऑफचे दोन सामने एनएफएलच्या दोन सामन्यांसमोर आले आणि प्रेक्षकसंख्येत सपाटून मार खाल्ला.

म्हणून माझी मांडणी अशी. कॉन्फरन्सचे अंतिम सामने बंद. अठरा संघांच्या कॉन्फरन्समध्ये पहिला-दुसरा कोण हेच बरोबरी सोडवायच्या नियमांनी ठरतं, मग त्या सामन्याने नेमकं काय सिद्ध होतं? २०२५ मध्ये अलाबामा तो सामना २८-७ हरूनही नवव्या स्थानावर हललं नाही. बीवाययू हा संघ आपल्या कॉन्फरन्सचा अंतिम सामना ३४-७ हरला आणि घसरला, त्यामुळे क्रमवारीत मायामी आणि नोटर डेम लागून आले, मग समितीला आठवलं की ऑगस्टच्या शेवटी मायामीने नोटर डेमला २७-२४ हरवलं होतं. त्या आठवड्यात न खेळलेल्या दोन संघांची जागा तिसऱ्याच सामन्यामुळे उलटली. नोटर डेमने रागाने वर्षअखेरचा सामनाच नाकारला. हा शनिवार काढला तर निवड थँक्सगिव्हिंगनंतरच्या रविवारीच होऊ शकते. पहिल्या फेरीचे आठ सामने डिसेंबरच्या दुसऱ्या शुक्रवार-शनिवारी, कायद्याच्या भिंतीच्या आत, आर्मी-नेव्हीची दुपार मोकळी ठेवून. दुसरी फेरी पुढच्या शनिवारी, पुन्हा वरच्या संघांच्या घरच्या मैदानांवर. उपांत्य १ जानेवारीला. अंतिम त्यानंतरच्या आठवड्यात, शाळा भरायच्या आत.

यात तीन अडचणी आहेत आणि मी त्या झाकणार नाही. दुसऱ्या फेरीची एनएफएलशी टक्कर राहतेच. पहिली फेरी अनेक विद्यापीठांत परीक्षेच्या आठवड्याला लागते. पण खालच्या श्रेणीचे, म्हणजे एफसीएसचे संघ गेली कित्येक वर्षं परीक्षांच्या काळातच बाद फेरी खेळतात, त्यांच्या अभ्यासाची चिंता करताना मी कोणाला पाहिलं नाही. आणि तिसरी अडचण बाऊलवाल्यांची, म्हणजे वर्षअखेरचे जुने मानाचे सामने भरवणाऱ्यांची. उपउपांत्य सामने आज रोझ, शुगर, ऑरेंज असल्या जुन्या बाऊलच्या नावाने होतात. रोझ बाऊल तर १९०२ चा, १ जानेवारीची दुपार आणि डोंगरामागे मावळणारा सूर्य हे तिथलं दैवत. त्यांना उपांत्य सामने द्या, बाकीच्यांचा वाटा कमी होईल. कमी होऊ दे. खेळाडूंच्या घरच्यांनी तीन आठवड्यांत तीन विमानप्रवास करायचे, ही अपेक्षा कोणत्या हिशेबाने धरतात मला कळलेलं नाही.

एफसीएसचं उदाहरण देऊन चोवीसचा आग्रह धरणारेही भेटतील. तिथे १९७८ मध्ये चार संघ होते, मग आठ, बारा, सोळा, वीस आणि २०१३ पासून चोवीस. आकाश कोसळलं नाही. खरं आहे. पण त्यांची साखळी थँक्सगिव्हिंगच्या आधीच संपते. वरच्या श्रेणीला तसं करायचं तर बारा साखळी सामन्यांचे अकरा करावे लागतील. मिशिगनच्या स्टेडियममध्ये १,०७,६०१ माणसं बसतात. तिथला एक घरचा सामना सोडा म्हणून सांगायला तुम्ही जा, मी बाहेर गाडी चालू ठेवून थांबतो.

खेळाडूंच्या शरीराचंही बघा. बारा साखळी, एक कॉन्फरन्सचा आणि चार प्लेऑफचे मिळून सतरा. एनएफएलचा साखळी मोसम सतराचाच असतो, आणि तिथले खेळाडू वीस वर्षांचे नसतात. कॉन्फरन्सचा सामना काढला तर सोळा संघांच्या पद्धतीतही कमाल सोळावर थांबते, म्हणजे इंडियाना आणि मायामी आत्ताच जितके खेळले तितकेच.

आता घरच्या मैदानाबद्दल, कारण दुसरी फेरीही तिथेच व्हावी असं म्हणतोय. उत्तरेकडची बहुतेक जुनी स्टेडियमं नोव्हेंबरच्या शेवटच्या सामन्यानंतर बंद करण्यासाठीच बांधलेली. आम्ही त्या आठवड्यात पाण्याच्या सगळ्या लाइन रिकाम्या करायचो, नाहीतर पाइप फुटतात. डिसेंबरात सामना येणार असेल तर लाइन चालू ठेवायच्या, स्वच्छतागृहांत हीटर लावायचे, पायऱ्यांवर मीठ मारायचं. निवडीपासून सामन्यापर्यंत हातात बारा दिवस. वसतिगृहं परीक्षेनंतर रिकामी होतात, त्यामुळे तिकीट तपासणारी, पार्किंग सांभाळणारी विद्यार्थी मुलंच घरी गेलेली असतात. हे सगळं जमतं, पण "कदाचित सामना येईल" म्हणून जी तयारी करायची ती खर्चिक असते, आणि सामना आला नाही तर तो खर्च पाण्यात. आमच्या विद्यापीठात एकदा वरिष्ठांनी हीटरची मागणी पुढे ढकलली आणि थंडीच्या एका रात्री वरच्या मजल्यावरची लाइन फुटली. सकाळी जिन्यावर बर्फाचा धबधबा होता. फोटो सुंदर आले.

तरीही मी घरच्याच मैदानाच्या बाजूने आहे. मी मूळचा कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध खंडोबा सामना असला की पेठेच्या पेठ मैदानावर लोटायची. तोच सामना कुणी "तटस्थ मैदान" म्हणून सोलापुरात ठेवला असता तर काय राहिलं असतं? डिसेंबर २०२४ मध्ये कोलंबसला टेनेसीचे चाहते केशरी लोंढ्यासारखे आले, पारा शून्याखाली, आणि ओहायो स्टेट ४२-१७ जिंकलं. सामना चुरशीचा नव्हता. पण ती रात्र तिथे असलेला माणूस विसरणार नाही. इथल्या मराठी मंडळांना दिवाळीचा कार्यक्रम ठरवताना आधी घरच्या सामन्यांच्या तारखा बघाव्या लागतात, नाहीतर ना हॉटेल मिळत ना पार्किंग. तुम्हालाही या वर्षी तो अनुभव आला असेलच.

तेव्हा तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: हो, जा. तिकिटासाठी विद्यार्थी म्हणून आधी नोंदणी लागते का ते नोव्हेंबरातच विचारून ठेवा, कारण निवड झाल्यावर सगळं दोन-तीन दिवसांत संपतं. जॅकेटवर पैसे घालवण्याआधी बुटांचा विचार करा. थंडी काँक्रीटमधून तळपायातून वर चढते. जाड पुठ्ठ्याचा एक तुकडा न्या आणि सामनाभर त्यावर उभे राहा. गेटवर अडवलं तर सांगा, बसायला घेतलाय. मफलर घरून आणलेलाच बरा. आणि अर्ध्या वेळेला कॉफीच्या रांगेत लागू नका, ती रांग तिसऱ्या सत्राच्या मध्यापर्यंत हलत नाही. ती हलावी म्हणून मी एकोणीस वर्षं प्रयत्न केले.